स्मृती, काळ आणि ‘मी’: मराठी विज्ञानथरार कुठे उभा आहे?

प्रश्नाची मांडणी

स्मृती, काळ आणि ओळख या तीन गोष्टींवर रचलेल्या विज्ञानथरारात वाचक शेवटपर्यंत एकाच गोष्टीच्या शोधात असतो, ती म्हणजे पुरावा. नायकाला आठवते ते खरेच घडले होते का? तो ज्या काळात जाऊन आल्याचे सांगतो, तिथे तो खरेच गेला होता का? आणि हे सांगणारा माणूस तोच आहे, हे कोणी ठरवायचे? प्रश्न तीन दिसत असले तरी ते एकमेकांत अडकलेले आहेत. काळाची साखळी तुटली की आठवण निराधार होते, आणि आठवण निराधार झाली की ‘मी’ म्हणणाऱ्याचा दावाही डळमळतो.

जागतिक साहित्यात आणि चित्रपटांत हा कथाप्रकार आता चांगलाच रुळला आहे. फिलिप के. डिक यांची विकत मिळणाऱ्या आठवणींची कथा १९६६ची. ख्रिस मार्करचा ‘ला जेते’ १९६२चा, तर ख्रिस्तोफर नोलनचा ‘मेमेंटो’ २०००चा. मराठीत या प्रश्नाचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. आपल्याकडे काळावर आत्मविश्वासाने लिहिले गेले, स्मृतीवर त्याहून कमी आणि ओळखीवर सर्वांत कमी. हे असे का झाले, कोणत्या भूमिका पुढे आल्या आणि काय बाकी आहे, याचा हा आढावा आहे. तो बोईसरमध्ये बसून लिहिला आहे आणि त्याला कारण आहे. तारापूरच्या अणुभट्ट्या, औद्योगिक वसाहत, विस्थापित गावे आणि वारली पाडे इथे काही मैलांच्या आत नांदतात. या लेखातले जवळजवळ सगळे प्रश्न या पट्ट्यात रोजच्या व्यवहारात भेटतात.

पार्श्वभूमी: पुराणापासून परिषदेपर्यंत

काळाच्या विपरीत गतीची कल्पना आपल्याला परकी नाही. भागवतातला राजा ककुद्मी आपली मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो, तिथे गायन संपेपर्यंत क्षणभर थांबतो आणि पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून गेलेली असतात. योगवासिष्ठातली लवण राजाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. एक मायावी पुरुष दरबारात मोरपिसांचा कुंचला फिरवतो आणि थोड्या अवधीत राजा एका चांडाळवस्तीतले पूर्ण आयुष्य जगून येतो. भानावर आल्यावर तो विंध्याच्या रानात ती वस्ती शोधायला निघतो. ती वस्ती त्याला सापडते, आणि त्याच्यासाठी शोक करणारी म्हातारीही भेटते. भासाला साक्षीदार मिळाल्यावर त्याला भास म्हणायचे का? आजच्या कोणत्याही विज्ञानथरारात शोभेल असा हा कळीचा प्रसंग आहे. शाकुंतलातली अंगठीही असाच पुरावा आहे. दुष्यंताची हरवलेली आठवण परत येते ती कोळ्याला माशाच्या पोटात सापडलेल्या वस्तूमुळे.

आधुनिक विज्ञानकथा मात्र अनुवादातून आली. ‘केरळ कोकिळ’चे संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १९००च्या सुमारास ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी ‘चंद्रलोकाची सफर’ या नावाने मराठीत आणली. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ (१९१५) ही सुरुवातीच्या स्वतंत्र मराठी विज्ञानकथांत गणली जाते. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हाती दिला. नारायण धारपांनी भयकथेइतकाच विज्ञानकथेतही संचार केला आणि या दोहोंमधली सीमा मुद्दाम धूसर ठेवली. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’सारख्या मासिकांनी अद्भुत, रहस्य आणि विज्ञान एकाच अंकात वाचायची सवय लावली.

१९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९७० पासून परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली आणि या प्रकाराला घर मिळाले. १९७४च्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या अपरिचित लेखकाच्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिले बक्षीस मिळाले. हा लेखक म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकरांच्या हातची होती. पुढच्या वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षस्थानावरून दुर्गाबाई भागवतांनी विज्ञानकथेची आणि नारळीकरांची दखल घेतली. १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, अरुण साधू अशी वेगवेगळ्या पिंडांची लेखकमंडळी याच काळात या प्रकाराकडे वळली किंवा त्यात स्थिरावली. फोंडके यांनी संपादित केलेल्या, नॅशनल बुक ट्रस्टच्या १९९३च्या ‘इट हॅपन्ड टुमारो’ या भारतीय विज्ञानकथांच्या संकलनामुळे यांतल्या काही कथा मराठीबाहेर पोहोचल्या.

या इतिहासात एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. स्पर्धा आणि दिवाळी अंक यांच्या आश्रयाने वाढल्यामुळे मराठी विज्ञानकथा प्रामुख्याने लघुकथाच राहिली. एक वैज्ञानिक कल्पना, एक पेच आणि शेवटची कलाटणी, हा तिचा साचा ठरला. काळाच्या कोड्यासाठी हा साचा उत्तम चालतो. ओळख हळूहळू विस्कटत जाण्याच्या कथेला मात्र लांब पल्ला लागतो.

काळ: एक रस्ता की अनेक फाटे?

काळाबाबत विज्ञानकथेसमोर तीन पर्याय असतात. पहिला पर्याय असा की काळ एकच आहे आणि तो बदलत नाही. भूतकाळात गेलात तरी जे घडले तेच घडेल, किंबहुना तुमचे जाणे हाही त्या घडण्याचाच भाग असेल. दुसऱ्यानुसार काळ एकच असला तरी तो बदलता येतो. इथे स्वतःच्या आजोबांना मारणाऱ्या नातवाचा प्रसिद्ध विरोधाभास उभा राहतो. तिसऱ्यानुसार काळाला फाटे फुटतात आणि प्रत्येक शक्यता आपापल्या विश्वात नांदते.

काळप्रवासाच्या कल्पनेला भौतिकशास्त्रात थोडाबहुत आधार आहे. वेगवान किंवा गुरुत्वाकर्षणाच्या प्रभावाखालच्या घड्याळाची चाल बदलते, हे १९७१ साली हाफेले आणि कीटिंग यांनी विमानातून आण्विक घड्याळे फिरवून दाखवून दिले. भविष्याकडचा प्रवास त्यामुळे तत्त्वतः मान्य आहे. भूतकाळाची गोष्ट वेगळी. कुर्ट गोडेल यांनी १९४९ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांची अशी एक उकल दिली की तिच्यात काळाचा मार्ग वळून स्वतःलाच मिळतो. मात्र आपले विश्व तसे असल्याचा पुरावा नाही. तिसऱ्या पर्यायाला ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या पुंजयामिकीच्या अनेक-विश्व अर्थान्वयाचा आधार मिळतो. हा अर्थान्वय काही शास्त्रज्ञ गांभीर्याने मानतात, तर इतरांना तो अनावश्यक वाटतो.

मराठीत तिसऱ्या पर्यायाची सर्वांत परिचित कथा म्हणजे नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांना ट्रकची धडक बसते आणि ते अशा जगात जातात जिथे १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे जिंकले. आपल्या इतिहासात विश्वासरावांना गोळी लागली, त्या जगात ती कानाजवळून निसटली. या एका फरकाने सगळा पुढचा इतिहास बदलतो. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात तिचा अनुवाद असल्यामुळे देशभरच्या विद्यार्थ्यांनी ती वाचली आहे.

या कथेची चर्चा बहुतेक वेळा पर्यायी इतिहासाची कथा म्हणून होते. स्मृती आणि ओळखीच्या दृष्टीने वाचली तर तिच्यातले दोन प्रसंग उठून दिसतात. मुंबईत गंगाधरपंत आपल्या मुलाच्या कार्यालयात जाऊन चौकशी करतात, तेव्हा त्या नावाचा कोणीही तिथे नसतो. ज्या जगात आपला मुलगाच नाही, त्या जगात बापाची ओळख कशावर टिकवायची? लेखक या प्रश्नाला स्पर्श करतो आणि पुढे जातो. दुसरा प्रसंग खिशातल्या पानाचा. त्या जगातल्या बखरीचे फाटके पान गंगाधरपंतांबरोबर परत येते आणि आठवणीला वस्तुरूप साक्ष मिळते. लवण राजाला सापडलेली म्हातारी आणि गंगाधरपंतांच्या खिशातले पान यांचे कथेतले काम एकच आहे. पण राजा तिथे कोण होता हे म्हातारी सांगते, पान मात्र फक्त घटना सिद्ध करते. मराठी विज्ञानकथेचा कल घटनेच्या पुराव्याकडे राहिला आहे, याचे हे नेमके उदाहरण आहे.

स्मृती: कोठार की पुनर्रचना?

स्मृतीबद्दल दोन चित्रे प्रचलित आहेत. एका चित्रात स्मृती हे कोठार असते. अनुभव आत ठेवला जातो, गरज पडली की बाहेर काढला जातो आणि कोठाराला कुलूप लागले की माणूस विसरतो. जगभरच्या लोकप्रिय थरारांत हेच चित्र वापरले जाते, कारण कथेसाठी ते सोयीचे आहे. कोठार असले की चोरी, फेरफार आणि विक्री शक्य होते.

दुसऱ्या चित्रात प्रत्येक वेळी आठवताना माणूस आठवण नव्याने रचतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये हे मांडले. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी गाड्यांच्या अपघाताची चित्रफीत दाखवून प्रेक्षकांना प्रश्न विचारले. प्रश्नातले क्रियापद जितके जोरकस, तितका गाडीचा सांगितलेला वेग जास्त. जोरकस शब्द ऐकलेल्यांपैकी अधिक जणांना आठवड्यानंतर न फुटलेली काचही फुटलेली ‘आठवली’. २००० साली करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवले की जागी केलेली आठवण काही काळ पुन्हा अस्थिर होते आणि त्या अवधीत औषधाने ती पुसट करता येते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत सुसुमु तोनेगावा यांच्या गटाने याच्याही पुढचे पाऊल टाकले. एका पेटीची आठवण धरून ठेवणाऱ्या पेशी प्रकाशाने चेतवत, दुसऱ्या पेटीत उंदराला सौम्य धक्का दिला. नंतर उंदीर पहिल्याच पेटीला घाबरू लागला, जिथे त्याला कधी इजा झालीच नव्हती.

प्रयोगशाळेतल्या निष्कर्षांमुळे आज पारडे पुनर्रचनेच्या बाजूने झुकलेले आहे. तरी कोठाराचे चित्र पूर्णपणे खोटे ठरलेले नाही. आठवणीचा काही भौतिक ठसा विशिष्ट पेशींमध्ये असतो, हे याच उंदरांच्या प्रयोगांतून दिसते. ठसा आणि रचना यांचा मेळ कसा घालायचा, हा मेंदूविज्ञानातला चालू वाद आहे.

हा वाद महाराष्ट्रात न्यायालयापर्यंत पोहोचला. डोक्यावर विद्युतअग्रांची टोपी घालायची, गुन्ह्याशी संबंधित वाक्ये प्रथमपुरुषी ऐकवायची आणि मेंदूतल्या विद्युतलहरींवरून ऐकणाऱ्याने ते कृत्य ‘अनुभवले’ आहे की नुसते ऐकले आहे हे सांगायचे, असे एक तंत्र चंपाडी रमण मुकुंदन यांनी भारतात विकसित केले. माणसाने एक शब्दही बोलायची गरज नाही. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात दोषी ठरवताना या चाचणीचा निष्कर्ष विचारात घेतला. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी त्यावर तीव्र शंका घेतल्या, कारण अनुभवाची आणि कल्पनेची लहर खात्रीने वेगळी काढता येते याला पुरेसा आधार नव्हता. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींच्या चाचण्या घेता येणार नाहीत असे ठरवले. चाचणीमागची धारणा स्मृतीला कोठार मानणारी होती. न्यायालयाने स्मृतीच्या स्वरूपाचा निवाडा केला नाही. त्याने ठरवले ते इतकेच की कोठार असलेच तर त्याची किल्ली माणसाच्या संमतीत आहे.

मराठी कथेने या विषयाकडे कसे पाहिले? भाभा अणुसंशोधन केंद्रात प्रदीर्घ काळ संशोधन केलेल्या बाळ फोंडके यांनी न्यायवैद्यकाचा धागा धरून विज्ञान आणि रहस्यकथा एकत्र आणल्या. विज्ञान साक्षीदार कसे होते, हे त्यांच्या कथांनी वाचकांना शिकवले. सुबोध जावडेकरांनी कथेइतकेच मेंदूविषयक ललितेतर लेखनही केले आणि आनंद जोशींसमवेतच्या ‘मेंदूतला माणूस’मधून हे संशोधन मराठीत आणले. तरीही स्मृतीच्या अस्थिरतेचा सर्वांत खोल मराठी अनुभव विज्ञानकथेबाहेर मिळतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) या चित्रपटात संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक स्मृतिभ्रंशाने घेरले जातात आणि हत्तीच्या मागे भटकत जातात. त्यात यंत्र नाही, कट नाही. पण आठवणी गेल्यावर कोण उरते, हा प्रश्न तिथे थेट समोर येतो.

ओळख: मन, शरीर की इतरांची मान्यता?

ओळखीच्या प्रश्नावर चार भूमिका ठळक आहेत.

पहिली स्मृतिवादी. जॉन लॉक यांनी आपल्या ग्रंथाच्या १६९४च्या आवृत्तीत मांडले की माणूस काल जो होता तोच आज आहे, कारण त्याला कालचे आठवते. राजपुत्राच्या आठवणी चांभाराच्या शरीरात गेल्या तर तो माणूस राजपुत्रच मानायला हवा. टॉमस रीड यांनी पुढे यावर आक्षेप घेतला. म्हाताऱ्या सेनापतीला तरुणपणीचा पराक्रम आठवतो, त्या तरुणाला लहानपणी खाल्लेला मार आठवतो, पण सेनापतीला तो मार आठवत नाही. मग सेनापती आणि तो मुलगा एकच की वेगळे?

दुसरी भूमिका शरीरवादी. आठवणी येतात-जातात, सलग राहते ते शरीर आणि मेंदू. हिच्या बाजूने हेन्री मोलेसन यांचे उदाहरण देता येते. अपस्माराच्या उपचारासाठी १९५३ मध्ये झालेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना नव्या घटना लक्षात ठेवता येईनाशा झाल्या. तरी आरशात पाहून आकृती गिरवण्याचे कौशल्य ते दिवसागणिक शिकत गेले, आणि आधी हे केल्याचे त्यांना आठवत मात्र नव्हते. शरीराला माहीत असलेले मनाला माहीत नव्हते. २००८ साली निधन होईपर्यंत त्यांच्या सोबतच्यांना ते तोच सौम्य, विनोदी माणूस वाटत राहिले. नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत माणसाच्या शरीराची डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी उलटते. शरीरवादी प्रश्नाचा इतका मूळचा मराठी अवतार दुसरा सांगणे कठीण आहे.

तिसरी भूमिका म्हणते की सलग ‘मी’ हीच एक सोयीची कल्पना आहे. मिलिंदपञ्हमध्ये भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की चाके, आस, जू यांपैकी रथ कोणता. डेरेक पारफिट यांनी १९८४ मध्ये मंगळावर माणसाची प्रतिकृती पाठवणाऱ्या यंत्राची कल्पना करून जवळजवळ त्याच निष्कर्षाला हात लावला: ओळख टिकते की नाही यापेक्षा मनाचे सातत्य किती टिकते हे महत्त्वाचे. याच्या विरोधात न्यायदर्शनाचा जुना युक्तिवाद उभा आहे. जे मी पाहिले तेच मी आता स्पर्श करतो आहे, ही प्रत्यभिज्ञा पाहणारा आणि स्पर्श करणारा एकच असल्याशिवाय शक्य नाही. भारतीय दर्शनांत शतकानुशतके चाललेला हा वाद विज्ञानकथाकाराला आयता मिळालेला वारसा आहे.

चौथी भूमिका सामाजिक आहे. माणूस कोण हे इतरांच्या ओळखण्याने आणि नोंदींनी ठरते. आजच्या भारतात ही भूमिका रोजची झाली आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. बोटांचे ठसे आणि डोळ्याची बुबुळे यांवर उभी असलेली ही व्यवस्था शरीरवादाला राज्याची मान्यता देते. कष्टाच्या कामाने बोटांचे ठसे झिजलेल्या मजुराला ठसे जुळत नाहीत म्हणून खोळंबून राहावे लागते, तेव्हा चौथी भूमिका आणि दुसरी भूमिका यांचा संघर्ष शिधावाटपाच्या दुकानात घडतो.

विज्ञान किती, थरार किती?

या सगळ्याच्या वर एक वाङ्मयीन वादही चालू आहे. नारळीकरांनी लेखांतून आणि भाषणांतून सातत्याने मांडलेली भूमिका अशी की कथेचा गाभा ज्ञात विज्ञानाशी सुसंगत किंवा त्याचा तर्कशुद्ध विस्तार असला पाहिजे. विज्ञान काढून घेतल्यावरही कथा जशीच्या तशी उभी राहत असेल तर ती विज्ञानकथा नव्हे. या भूमिकेने मराठी विज्ञानकथेला शिस्त आणि प्रतिष्ठा दिली. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एका विज्ञानकथाकाराकडे जाणे हा त्या प्रतिष्ठेचा कळस म्हणता येईल. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे निधन झाले, तेव्हा वाचकांच्या किमान तीन पिढ्या त्यांच्या कथांवर वाढल्या होत्या.

समीक्षकांचा आक्षेप असा की या शिस्तीत पात्रे अनेकदा कल्पनेची वाहक होतात. एक विद्वान समजावतो, दुसरा ऐकतो आणि माणसाचे अंतरंग मागे पडते. स्मृती आणि ओळख हे विषय अंतरंगाचेच असल्यामुळे तिथे ही उणीव अधिक जाणवते. तिसरी बाजू धारपांच्या परंपरेची. विज्ञानाची चौकट सैल ठेवली की भय, स्वप्न आणि भ्रम यांना जागा मिळते आणि ओळख हरवण्याची भीती वाचकाच्या अंगाला भिडते. मात्र चौकट फार सैल झाली तर पुराव्याचा ताण उरत नाही, आणि थराराचा कणा तोच असतो.

तिन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. काळाच्या कथेला शिस्त लागते, ओळखीच्या कथेला पात्र लागते आणि स्मृतीच्या कथेला भ्रमाची मोकळीक लागते. तीनही विषय एकत्र आणणाऱ्या कथेला या तिन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या कराव्या लागतात. लघुकथेच्या मर्यादेत ते फार अवघड आहे.

तारापूर-बोईसर: हजारो वर्षांची आठवण

आता या पट्ट्याकडे वळू. १९६३च्या भारत-अमेरिका करारातून तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र उभे राहिले आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन स्वदेशी भट्ट्या जोडल्या गेल्या. वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करणारा आणि त्यातला तीव्र किरणोत्सारी कचरा काचेत बंदिस्त करणारा प्रकल्पही याच परिसरात आहे.

इथे काळ आणि स्मृती हे व्यावहारिक प्रश्न होतात. सीझियम-१३७चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे आहे, म्हणजे एका पिढीचे. प्लुटोनियम-२३९चे सुमारे २४,१०० वर्षे आहे. ज्ञानेश्वरीला सातशे वर्षे उलटली आणि तिचे शब्द समजायला आपल्याला टीप लागते. मग हजारो वर्षांनंतरच्या माणसाला ‘इथे खणू नका’ हे कोणत्या भाषेत सांगायचे? अमेरिकेत १९८०च्या दशकापासून या प्रश्नावर भाषातज्ज्ञ, मानवशास्त्रज्ञ आणि कलावंतांनी मिळून विचार केला. टॉमस सीबिओक यांनी १९८४ मध्ये ‘अणुपुरोहितां’ची परंपरा निर्माण करून धोक्याची आठवण विधी आणि दंतकथांतून पुढे न्यावी असे सुचवले. न्यू मेक्सिकोतल्या भूमिगत साठवणस्थळासाठी दहा हजार वर्षे टिकतील अशा खुणांचा अभ्यास झाला. भारतात खोल भूगर्भातले कायमचे साठवणस्थळ अजून झालेले नाही. काचेत बंदिस्त केलेला कचरा देखरेखीखाली ठेवला जातो.

नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीची मध्यवर्ती कल्पना याच्या अगदी जवळची आहे. नष्ट झालेल्या संस्कृतीने जमिनीत पुरून ठेवलेली ज्ञानाची पेटी आजच्या माणसाच्या हाती लागते. तिच्यातले ज्ञान वापरायचे की तिच्यातला इशारा ऐकायचा, या पेचावर कादंबरी चालते. १९८०च्या दशकातल्या या मराठी कादंबरीला सीबिओकचा प्रश्न कथेच्या वाटेने भेटला होता.

या पट्ट्यात आठवणीची दुसरी बाजूही आहे. नव्या भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे हलवली गेली आणि पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. गाव हलले की पत्ता बदलतो, आणि प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला ही नवी ओळख होते. समुद्राकाठचे जुने गाव आठवणारी पिढी आणि ते केवळ कागदावर पाहिलेली पिढी एकाच घरात राहतात. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत तर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा इथून आलेल्या कामगारांच्या आठवणींचा भूगोलच वेगळा आहे. वारली लग्नात सुवासिनी भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, तेव्हा समाजाची स्मृती कागदाविना पुढच्या पिढीकडे जाते. सीबिओकने सुचवलेली विधीतून टिकणारी आठवण इथल्या पाड्यांत आजही चालू आहे.

रासायनिक कारखान्यांच्या या परिसरासाठी आणखी एका मराठी पुस्तकाचा आधार घेता येतो. रसायन अभियंता असलेल्या सुबोध जावडेकरांनी भोपाळच्या वायुदुर्घटनेवर ‘आकांत’ ही कादंबरी लिहिली. औद्योगिक आपत्तीची सामूहिक आठवण कथेत कशी आणायची, याचा वस्तुपाठ मराठीत आहे.

काय सुटलेले नाही

आढाव्याअंती चार प्रश्न मोकळे राहतात.

पहिला विज्ञानाचा आहे. आठवणीचा पेशींमधला ठसा आणि दर वेळची पुनर्रचना यांचे नाते उलगडलेले नाही. ते उलगडेपर्यंत आठवण चोरणे, पेरणे किंवा पुसणे यांवरच्या कथा ज्ञात विज्ञानाच्या कडेवरच उभ्या राहतील. दुसरा तत्त्वज्ञानाचा आहे. ओळखीच्या चार भूमिकांपैकी एकही सगळी उदाहरणे सामावत नाही. नैयायिक आणि बौद्ध यांच्या वादाचा विज्ञानकथेशी सांधा जोडण्याचे काम मराठीत मोठ्या प्रमाणावर बाकी आहे. तिसरा कायद्याचा आहे. सेल्वी निकालाने संमतीची अट घातली, पण संमती देणाऱ्याची स्मृतीच बदलता येऊ लागली तर त्या संमतीचा अर्थ काय, याचे उत्तर त्या निकालात असण्याचे कारण नव्हते. चौथा प्रश्न साहित्याचा आहे. लघुकथेत सिद्ध झालेली मराठी विज्ञानकथा दीर्घ थराराचे ओझे पेलण्यासाठी कोणता घाट निवडेल?

माझ्या मते या चारही प्रश्नांना जोडणारा धागा साक्षीचा आहे. मराठी विज्ञानकथेने वस्तूची साक्ष उत्तम हाताळली. खिशातले पान, न्यायवैद्यकातला नमुना, जमिनीतली पेटी ही तिची बलस्थाने आहेत. माणसाची साक्ष, म्हणजे कोणीतरी आपल्याला ओळखणे, तिच्यात अजून पुरेशी आलेली नाही. लवण राजाच्या कथेत म्हातारी नसती तर ती नुसत्या जादूची गोष्ट राहिली असती. तारापूर-बोईसरसारख्या ठिकाणी वस्तूंची साक्ष हजारो वर्षे टिकणार आहे आणि माणसांची साक्ष एका पिढीत पुसट होते आहे. या दोन गतींमधले अंतर हाच पुढच्या मराठी विज्ञानथराराचा विषय व्हावा, इतका तो सकस आहे. तो लिहिण्यासाठी लागणारे विज्ञान, दर्शन आणि भूमी ही तिन्ही मराठी लेखकाच्या हाताशी आहेत.